साठची कॅसेट

दादाचं अजूनही म्हणणं आहे की ती कॅसेट नव्वदची होती. माझं म्हणणं, साठची. चाळीस वर्षं झाली या वादाला. पुरावा आता उरलेला नाही, कारण माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याने तिच्यातली सगळी फीत ओढून जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांना गुंडाळली आणि ती मला कात्रीने कापून काढावी लागली. कापताना मी एक शब्द बोलले नाही. त्यावरूनच नवऱ्याला कळलं की काहीतरी मोठं झालंय.

पण ती साठचीच होती. नव्वदची असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ज्यांनी कॅसेट हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. साठची म्हणजे साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. नव्वदची घेतली तर एका बाजूला पंचेचाळीस. नव्वदची महाग पडायची, शिवाय तिची फीत पातळ असते, लवकर अडकते, असं दुकानदार सांगायचे. दादा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता, अंबरनाथला. पगारातले बरेचसे पैसे आईच्या हातात जायचे. त्याने साठची घेतली यात मला तरी नवल वाटत नाही.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यातच मोरी, पुढे सगळ्या मजल्याची मिळून गॅलरी. आजी, आई, बाबा, आम्ही दोघं, आणि मुंबईत कोर्स करायला आलेला एक चुलतभाऊ. रात्री दादा आणि चुलतभाऊ गॅलरीत वळकटी पसरायचे. खोताची वाडी तिथून पाच मिनिटांवर. वाडीतल्या एका ख्रिश्चन घरातला मुलगा दादाचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याचा मोठा भाऊ बोटीवर. हा भाऊ निरनिराळ्या बंदरांतून एलपी घेऊन यायचा. बहुतेक सेकंड हँड, कोपरे दुमडलेल्या कव्हरांच्या. पिंक फ्लॉइड, डोअर्स, जेफरसन एअरप्लेन, हेंड्रिक्स, आयर्न बटरफ्लाय, असे सगळे इंग्रजी रॉकवाले. सगळी १९६६ ते १९७३ च्या दरम्यानची. म्हणजे आमच्या घरी साठचं दशक चौऱ्याऐंशी साली पोहोचलं, तेही बोटीने.

या असल्या संगीताला म्हणतात तो ‘सायकेडेलिक’ हा शब्द दादाला तेव्हा नीट म्हणता यायचा नाही. तो ‘सायकलडेलिक’ म्हणायचा, आणि आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. मूळ शब्द १९५६ साली एका ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीक शब्द जोडून घडवलेला, मन उघड करून दाखवणारं अशा काहीशा अर्थाचा. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, डोक्यात सायकल फिरते म्हणून सायकलडेलिक.

कॅसेट भरून देणारं दुकान ऑपेरा हाऊसच्या बाजूला होतं. यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आठ दिवसांनी भरलेली न्यायची. तिथे भरली जायची ती नाट्यगीतं, मुकेश, गझला आणि गणपतीच्या आधी आरत्या. दादाने मित्राच्या एलपी पिशवीत घालून नेल्या आणि यादी पुढे केली. ए बाजूला दोनच गाणी.

“दोनच? सहा-सात बसतात की.”

“मोठी आहेत.”

“मोठी म्हणजे किती?”

“एक बारा मिनिटांचं, एक तेवीस.”

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “गाणं आहे का कीर्तन?”

बारा आणि तेवीस पस्तीस होतात, हे त्या दुकानात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी कॉमर्सला होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी कॅसेट आली. आतल्या कार्डावर निळ्या शाईत, सुबक मराठी अक्षरात लिहिलं होतं: ‘१) दी एन्ड – डोअर. २) एकोज – पिंक फ्लाईट.’

आमचा टेपरेकॉर्डर मामांनी मस्कतहून आणलेला, एका स्पीकरचा, मोनो. सोबत एक इअरफोन, तोही एकाच कानाचा. दिवसा घरात रेडिओवर विविधभारती, संध्याकाळी दूरदर्शन, त्यामुळे आमच्या वाट्याला रात्रच यायची. दादा गॅलरीत, मी दाराच्या उंबऱ्याला डोकं लावून आत, मधे टेपरेकॉर्डर. आवाज दोनवर. तीनवर गेला की शेजारचे खोकायचे.

‘दी एन्ड’ सुरू व्हायचं. डोअर्समध्ये बास गिटार वाजवणारा नव्हताच, ऑर्गनवाला रे मॅन्झरेक डाव्या हाताने बासचे स्वर वाजवायचा. हे मला ठाऊक नव्हतं, पण त्या गाण्याच्या तळाशी काहीतरी रिकामं आहे असं मात्र वाटायचं. गिटारच्या तारा अशा लावलेल्या की एक स्वर खाली सतत गुंजत राहतो. दुसऱ्या मजल्यावरचे तबलेवाले काका एकदा जिना चढता चढता थांबले आणि म्हणाले, “तानपुरा कोण धरून बसलंय रे?” डोअर्सचा गायक जिम मॉरिसन शेवटी काय पुटपुटतो ते आम्हाला कळत नव्हतं. बरंच झालं. बाबा दोन हातांवर झोपलेले असायचे.

मग ‘इकोज’.

ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकलं, त्यांनी अंधारात एक थेंब पडतो असं समजा. टिंग. बराच वेळ काही नाही. पुन्हा टिंग. पियानोची एकच पट्टी आहे ती. पिंक फ्लॉइडच्या रिक राइटने ती वाजवली आणि आवाज लेझली नावाच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढला, म्हणून ती पाण्याखालून आल्यासारखी वाटते. पहिल्या रात्री आम्ही इअरफोन न लावता, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकत होतो. चौथ्या का पाचव्या टिंगला आत आई उठून बसली. पातळ सावरत अंधारात मोरीशी गेली, नळ चाचपला, घट्ट पिळला. परत येऊन आडवी झाली. टिंग. आई पुन्हा उठली. या खेपेला तिने नळाखाली फडकं ठेवलं, म्हणजे आवाज होणार नाही. टिंग. मग बाबांना हलवून म्हणाली, “अहो, वायसर गेलाय वाटतं, उद्या प्लंबरला सांगा.”

मी उंबऱ्यावर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. दादाने टेप बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लंबर खरंच आला, वायसर बदलला, पैसे घेऊन गेला. आणि रात्री नळ पुन्हा गळायला लागला.

त्या तेवीस मिनिटांत बरंच काही होतं. सुरुवातीला दोन कडवी, दोघं एकत्र गातात, अगदी हळुवार. मग गिटार, मग बराच वेळ एक ठेका धरून चाललेलं वादन. मग सगळं विरतं आणि वारा सुटतो, कुणीतरी किंचाळल्यासारखे लांब आवाज येतात. देवमाशाचे असावेत असं वाटतं, पण ती गिटारच आहे. वा-वा नावाचं पायाखालचं पेडल असतं, त्याच्या वायरी उलट्या जोडल्या की ते असं ओरडतं. लॅमिंग्टन रोडला उलटी वायर जोडली तर फ्यूज उडतो, यांच्याकडे संगीत झालं. त्या वाऱ्यात मधेच कावळे ओरडतात. रविवारी दुपारी एकदा हा भाग लागला होता तेव्हा आजीने जपमाळ थांबवून विचारलं, “पितृपक्ष लागला काय गं?” गॅलरीतले कावळे आणि टेपमधले कावळे एकमेकांना उत्तरं देत होते, तिचं काही चुकलं नव्हतं.

वारा ओसरला की पुन्हा ते टिंग येतं. लांबून. मग ऑर्गन भरत जातो, झांजा, गिटारचे स्वर एकावर एक चढत जातात, सगळं वर वर सरकत राहतं. आपल्याला कळतं की आता काहीतरी येणार. शास्त्रीय मैफलीत तिहाईचा शेवटचा तुकडा सुरू झाला की श्रोत्यांचे हात आपोआप वर उचलले जातात ना, सम पकडायला, तसे आमचे दोघांचे श्वास थांबायचे. आणि तिथे,

खट.

टेपरेकॉर्डरचं बटण वर यायचं. बाजू संपली.

आता गंमत ऐका. आम्हाला वाटलं की गाणं असंच आहे. तेवीस मिनिटं दादाच्या यादीत होती, पण आम्ही घड्याळ लावून थोडेच ऐकत होतो! एलपी मित्राला परत गेल्या होत्या, आणि त्याच्या भावाने पुढच्या खेपेला त्यातल्या काही विकूनही टाकल्या. दादाने यावर एक अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. म्हणे, ही माणसं सम देतच नाहीत. आपल्याला टोकापर्यंत नेतात आणि तिथेच सोडतात, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तेच तर सायकलडेलिक! मला ते इतकं पटलं की कॉलेजात एका मैत्रिणीला मी हे स्वतःचं म्हणून ऐकवलं. ए बाजूचं पहिलं गाणं ‘दी एन्ड’ आणि दुसऱ्याला एन्डच नाही, यातही आम्हाला मोठा अर्थ दिसायचा.

बी बाजूबद्दल थोडक्यात. तिच्यावर ‘व्हाइट रॅबिट’ होतं, अडीच मिनिटांचं, लष्करी ढोलासारखं चालत येतं आणि ग्रेस स्लिकचा आवाज चढत चढत संपतं. बायकांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, ज्यात कुणाला खूश करायचं नाहीये. हेंड्रिक्स होता. आणि आयर्न बटरफ्लायचं सतरा मिनिटांचं १९६८ मधलं ते गाणं, ज्याचं नाव दुकानदाराने ‘इन गाडा द विडा’ असं लिहिलं होतं. आजीने ते कार्ड वाचलं, चष्मा काढला आणि पानाचा डबा पुढे ओढत विचारलं, “कुठला विडा म्हणतायत?” मूळ शब्द ‘इन द गार्डन ऑफ ईडन’, गाणाऱ्याच्या जिभेवर घोळून ते असं झालं, ही कथा आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे मात्र ते विड्याचं गाणं. त्यातला ढोलाचा एकट्याचा भाग लागला की चुलतभाऊ उठून पाणी प्यायला जायचा. मलाही तो भाग कंटाळवाणाच वाटायचा, आजही वाटतो.

नशेबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून लिहून टाकते. आमच्या घरात नशा होती ती आजीच्या तपकिरीची. बाबांच्या डोक्यात मात्र ‘दम मारो दम’ पक्कं बसलेलं होतं, त्यामुळे दादाचे केस कानावर आले की “हिप्पी व्हायचंय का?” हा प्रश्न ठरलेला. मला एलएसडीचं कौतुक कधीच वाटलं नाही, आणि सिड बॅरेटची हकीकत कळल्यावर तर मुळीच नाही. पिंक फ्लॉइडची पहिली एलपी १९६७ ची, त्यातली बहुतेक गाणी त्याची. वर्षभरात तो इतका हातचा गेला की १९६८ मध्ये बँडने त्याला मागे ठेवलं. १९७५ साली उरलेले चौघं लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याच्यावरच रचलेल्या गाण्याचं काम करत असताना एक लठ्ठ माणूस आत येऊन उभा राहिला, डोकं आणि भुवया भादरलेला. कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. त्या गाण्याच्या सुरुवातीचे गिटारचे चार स्वर आले की मला आधी ते दारात उभं राहणं दिसतं.

तबलेवाल्या काकांबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे. काका रेल्वेत कारकून, रात्री भजनी मंडळात साथ करायचे, आणि चाळीतल्या मुलांना गॅलरीत बसवून तबला शिकवायचे. फी नाही, गुरुपौर्णिमेला एक नारळ. दादाने दुसऱ्या कॅसेटवर ‘मनी’ भरून आणलं होतं, १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधलं. सुरुवातीला गल्ल्याचा खणखणाट, नाणी, कागद फाटल्याचा आवाज, हे सगळं एका ठेक्यात. काका पायरीवर बसून मसाला वाटत असलेल्या काकूंशी बोलत होते. बोलता बोलता त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

“अरे, हे सातात आहे!”

दादाने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. काका मोजत गेले: ती ती ना, धी ना, धी ना. “रूपक! ही गोऱ्यांची पोरं रूपक वाजवतायत!” दोन आवर्तनांनी त्यांनी भुवई चढवली. “पण रूपकात समेवर खाली असते. पहिल्या मात्रेला बायाँ नाही. ह्यांनी तिथेच ठोसा दिलाय. म्हणजे मात्रा रूपकाच्या, पण वागणूक रूपकाची नाही.” मग सॅक्सोफोन आला, तोही सातातच, काका खूश. आणि मग गिटार सुरू झाली तशी त्यांची बोटं अडखळली. त्यांनी हात वर केला, कान पुढे केला, पुन्हा मोजलं. “हात् तिच्या! केरव्यावर आले! दमले वाटतं.”

ते खरंच होतं. गिटारच्या भागात गाणं चारात जातं आणि नंतर पुन्हा सातात परत येतं. परत आल्यावर काकांनी मान डोलावली, जणू वर्गातून पळालेला मुलगा परत आला. पुढचे कित्येक महिने आमच्या मजल्यावर सात-आठ वर्षांची पोरं रूपक शिकत होती ती ‘मनी’वर. भजनी मंडळापर्यंत हे गेलं नाही एवढंच.

काकांना वाटायचं, या सगळ्याची सुरुवात आपल्याकडून झाली. हे अगदीच खोटंही नाही. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये तबला आहे आणि कव्हरवर तबलावादकाचं नाव छापलंय: अनिल भागवत. खोताच्या वाडीत ते कव्हर प्रथम पाहिलं तेव्हा दादा धावत घरी आला होता. गिरगावात भागवत आडनावाला काय तोटा! आठवडाभर आम्ही जिथे जिथे भागवत राहतात तिथे ‘तुमच्यापैकी कुणी लंडनला तबला वाजवायला गेलं होतं का’ असं विचारत होतो. एका भागवत आजोबांनी आम्हाला हाकलून दिलं. आणि पुढच्याच वर्षी, १९६७ च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीला रविशंकर आणि अल्लारखाँ एका दुपारी तासन्‌तास वाजवत बसले. त्याच रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्सने स्वतःची गिटार पेटवली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. “वाद्य पेटवलं?” एवढंच म्हणाले. मग घरात जाऊन तबल्यावर कापड घालून आले. रविशंकरांनाही ते पाहवलं नव्हतं, हे मी नंतर वाचलं. हेंड्रिक्स मला आवडतो, पण या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूची आहे.

पुढे दोन-तीन वर्षांनी धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम जोरात व्हायला लागले. ‘इंडिपेंडन्स रॉक’ १९८६ पासूनचं. मला रात्री तिथे जायची परवानगी नव्हती, पण रंगभवनाला छप्पर नव्हतं, हे बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. मी मैत्रिणीबरोबर बाहेरच्या फुटपाथवर शेंगा खात उभी राहायची. तिथे जोर सगळा हेवी मेटलचा. दहा गाण्यांत एखादं जुनं यायचं, डोअर्सचं वगैरे, तेवढ्यासाठी थांबायचं. त्याच्याही आधी, सत्तर-एकाहत्तरमध्ये, सिमला नावाच्या सिगारेटवाल्यांनी बँडच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि त्यातल्या गाण्यांच्या एलपी काढल्या होत्या. वाडीतल्या मित्राकडे एक होती. फर्रर्र करणारी गिटार, घाईत घेतलेलं रेकॉर्डिंग, आणि आपल्याच गावातल्यासारख्या पोरांचे आवाज. आम्ही तिला नाकं मुरडायचो, परदेशी नाही म्हणून. त्याच एलपी आता परदेशातले लोक शोधत फिरतात.

१९८८ मध्ये मला फोर्टात नोकरी लागली, विम्याच्या ऑफिसात. सर फिरोजशहा मेहता रोडवरून रोजचं जाणं-येणं. त्या रस्त्यावर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग आहे. खाली झेरॉक्सवाला, डबेवाले, वर ऑफिसं. तिच्यासमोरून मी वर्षानुवर्षं गेले असेन, छत्री सांभाळत, लोकलची वेळ गाठायला पळत. कितीतरी नंतर वाचलं की एचएमव्हीचा स्टुडिओ याच इमारतीत होता, आणि जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन तिथे येऊन रेकॉर्डिंग करून गेला. आशिष खाँ सरोदवर, शिवकुमार शर्मा संतूरवर. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचं वादन तिथलं आहे. तेच गाणं त्या मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं.

हे वाचून मी चाट पडलेच, पण त्याहून मला आवडली ती हॅरिसनची एक तक्रार. स्टुडिओ आवाजबंद नव्हता. नीट ऐकलं तर रेकॉर्डमध्ये रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं त्याने सांगितलंय. आणि साडेपाच वाजता ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, कारण जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या लोकांच्या पायांचा आवाज आत यायचा.

साडेपाचला धडाधड उतरणारे म्हणजे आम्हीच की हो! अडुसष्टमध्ये मी दोन वर्षांची होते ते सोडा, पण माणसं हीच. हातात डब्याची पिशवी, डोक्यात लोकल. एका बीटलला टेप बंद करून आमच्या चपलांचा आवाज ओसरायची वाट बघावी लागली, याचा मला काय अभिमान वाटतो ते सांगता येत नाही. ऑफिसात एकाला उत्साहाने सांगितलं तर तो म्हणाला, “मग त्याने सहानंतर करायचं ना.”

आता ‘इकोज’चं. १९९३ चा पावसाळा असेल. मधल्या सुट्टीत मी काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसला गेले होते, एका सहकाऱ्याच्या सेंड-ऑफला भीमसेनांची सीडी आणायला. तिथे ऐकून बघायला बंद कप्पे होते, छोटे, काचेचे. समोर ‘मेडल’ दिसली, १९७१ ची ती एलपी, आता सीडी होऊन. दोन्ही कानांना हेडफोन लावून मी शेवटचं गाणं लावायला सांगितलं. आणि पहिल्यांदाच ते स्टिरिओत ऐकलं. वारा एका कानातून दुसऱ्या कानात जात होता. नऊ वर्षं मी निम्माच वारा ऐकला होता.

कावळे गेले. टिंग आलं. ऑर्गन भरत गेला. मी नकळत डोळे मिटले, श्वास धरला, खट व्हायची वाट बघत राहिले.

खट झालंच नाही. ते दोघं परत आले आणि तिसरं कडवं गायला लागले! पहिल्या दोन कडव्यांच्याच चालीत, तितक्याच शांतपणे, जणू मधे काही घडलंच नव्हतं. सम आली होती. व्यवस्थित, जागच्या जागी, कुठल्याही ख्यालात यावी तशी.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे राग. एवढंच? परत मुखड्यावर? दादाचं सगळं तत्त्वज्ञान, मी मैत्रिणीवर मारलेली छाप, सगळं एका कडव्यात पाण्यात गेलं. आणि मग शेवट आला. वाऱ्यासारखे, घोळक्याने गाणारे आवाज वर चढत जातात, चढत राहतात, पोहोचत कुठेच नाहीत, हळूहळू विरतात. मी कप्प्यात उभी होते, बाहेर एक म्हातारे पारशी गृहस्थ काचेवर टकटक करून घड्याळ दाखवत होते. भीमसेनांची सीडी घ्यायची राहून गेली ती गेलीच. ऑफिसात शेवटी पुष्पगुच्छावर भागवलं.

त्या रात्री दादाला फोन केला. तो तोवर डोंबिवलीला राहायला गेला होता.

“दादा, त्याला शेवट आहे.”

“कशाला?”

“इकोजला. आपली बाजू संपायची. पुढे चार-साडेचार मिनिटं आहेत. कॅसेट साठची होती.”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “नव्वदची होती. दुकानदाराने गाणं कापलं असेल.”

नंतर कळलेल्या काही गोष्टींनी मात्र मला दिलासा दिला. हे गाणं त्यांनी तुकड्या-तुकड्यांनीच रचलं होतं, त्या तुकड्यांना ‘नथिंग’ असं नाव देऊन पुढे फक्त आकडे टाकलेले. आणि पाँपेईच्या रिकाम्या रंगमंडलात त्यांनी वाजवलेल्या कार्यक्रमाची जी फिल्म आहे, तिच्यात ‘इकोज’ मधोमध कापलंय. अर्धं सुरुवातीला, अर्धं शेवटी. म्हणजे ऑपेरा हाऊसचा दुकानदार अगदीच चुकला नव्हता.

फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडमधला रॉजर वॉटर्स बीकेसीला एमएमआरडीएच्या मैदानावर आला तेव्हा मी मुलाला घेऊन गेले होते. त्याने ‘डार्क साइड’ अख्खी वाजवली. ‘मनी’ सुरू झालं तशी माझी बोटं पर्सवर चालायला लागली, ती ती ना धी ना धी ना. शेजारचा कॉलेजचा मुलगा बघत राहिला. काका त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. गिटार आली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “केरव्यावर आले!” मुलाने मान फिरवली, आपण हिच्याबरोबर आलेलो नाही अशा थाटात.

ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. आमची चाळ त्याच्या आधीच पडली, तिथे आता टॉवर आहे. खाली कॉफीचं दुकान आहे, नळ सेन्सरचे.

गेल्या भाऊबीजेला दादा आला होता. आता तो मुख्यतः किशोरीताई ऐकतो, आणि विपश्यनेला जाऊन आल्यापासून कमी बोलतो. जेवणं झाल्यावर मुलाने त्याच्या नव्या स्पीकरवर ‘इकोज’ लावलं, मामाला खूश करायला. दादा सोफ्यावर डोळे मिटून बसला, मी खाली जमिनीवर, जुन्या सवयीने डोकं उंबऱ्याला लावायला जागा शोधत. टिंग. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आई, नळ राहिलाय का चालू?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

कावळे झाले. ऑर्गन भरत गेला. झांजा. सगळं वर वर. दादाने डोळे उघडले. मी बोट वर केलं. आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, “खट.”

तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा दादा चहा टाकायला उठला होता.